वारा बांधणारी हौसा

हौसाने साकव पाडला, ही बातमी भुईवाडीहून रोह्याला पोहोचली तेव्हा तिच्या हातात नुसता पाना होता. नागोठण्याच्या एस.टी. स्टँडवर त्या पान्याचा कोयता झाला. आणि पेणच्या बाजारात, गणपतीच्या कारखान्यांसमोर चहा पीत बसलेल्या मंडळींच्या कानावर ती आली, तोवर हौसाने म्हणे करवत आणली होती, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून लोखंडी दोर कापला होता, आणि कापताना ती हसत होती. का कापला, तेही पेणकरांना पाठ होतं. साकव व्हायच्या आधी तिच्या नवऱ्याची होडी होती, साकवाने होडी बसवली, बाईने सहा वर्षं दबा धरला आणि एक दिवस डाव साधला!

यातला पाना तेवढा खरा. नवरा वारल्यावर हौसाने होडी परसात उलटी घातली होती आणि तिच्याखाली कोंबड्या खुडूक बसायच्या. तळाला एवढं भोक की त्यातून तुरेवाला कोंबडा आरामात ये-जा करी. साकव पडला त्या घटकेला ती पाना घेऊन त्याच्या तोंडाशी उभी होती, हे अर्ध्या गावाने पाहिलं. ती तिथे काय करत होती, हेही त्याच अर्ध्या गावाने पाहिलं. पण पहिलं सगळ्यांनी सांगितलं आणि दुसरं कुणीच सांगितलं नाही, म्हणून ही गोष्ट.

आपल्याकडे ओढ्यावर पोफळीची दोन खोडं टाकली तरी साकव, आणि कुंडलिकेवर लोखंडी दोरांचा झुलता पूल टांगला तरी साकवच. भुईवाडी अलीकडे, रोह्याची सडक पलीकडे. वर भिऱ्याला वीजघराचं पाणी सुटतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही नदीला पायी ओलांडण्याजोगा उतार मिळायची खात्री नाही. पंच्याहत्तर साली साकव झाला तेव्हा धाटावच्या कंपन्यांत लागलेली पोरं शिफ्टला चालत जायला लागली आणि गाव स्वतःला जवळजवळ रोहा समजू लागलं.

साकव टांगणारा फिटर बाहेरगावचा, चष्मेवाला, कमी बोलणारा. जाण्यापूर्वी त्याला दोर आवळायला गावातलं एक माणूस हवं होतं. सगळे बाप्ये पारावर बसून ऐकत होते. पुढे झाली ती हौसा, पदर खोचून.

'हे वरचे दोन मोठे दोर साकव धरतात, ते कळलं. मंग हे खालचे, बाजूला ताणलेले चार? हे काय धरतात?'

'वारा,' फिटर म्हणाला.

पार फुटेल एवढं हसू झालं. शेजारची मालू तर डोळे पुसत म्हणाली, 'गो हौसे, वाऱ्याला बांधलास तर ऊन पन बांध गो, डोक्यावर लय लागतंय!' त्या दिवसापासून ती 'वारा बांधणारी हौसा' झाली.

फिटर मात्र हसला नाही. त्याने तिला साकवाच्या मधोमध नेलं आणि सांगितलं, 'बाई, साकव वजनाने पडत नाही. त्याला वारा नाचायला शिकवतो. एकदा का नाच अंगात आला की तो स्वतःलाच फाडतो. हे चार दोर म्हणजे त्याची कमर धरणारे चार हात. दर शनिवारी पान्याने ठोकून बघ. टण्ण वाजला तर बरा आहे. भद वाजला तर पेच फिरव.'

हौसाने सहा वर्षं एक शनिवार चुकवला नाही. पावसाळ्यात घोंगडी पांघरून गेली, नवऱ्याच्या सुतकातल्या शनिवारीही गेली. साकवावरून जाणारं पोरगं जरा उड्या मारू लागलं की काठावरून तिचा असा आवाज यायचा की नदीतले मासे तळाला जायचे. लोक तिला हसत आणि साकवावरून बिनघोर जात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायला भुईवाडीला काही अवघड वाटत नसे.

हे काम तिला मिळालं ते दिनानाथ गुरुजींमुळे. गुरुजी गावच्या खोतांच्या घरातले. जमिनी गेल्या, अक्षर राहिलं. काय अक्षर! गावातला प्रत्येक अर्ज त्यांच्या हातचा. अर्ज नामंजूर होऊन परत आला तरी लोक तो देव्हाऱ्याशेजारी लावून ठेवत, इतकं सुरेख. हौसाच्या नेमणुकीचा अर्ज त्यांनीच लिहिला, वरच्या साहेबापर्यंत स्वतः नेला, 'बाई असली म्हणून काय झालं' असं तिथे ठणकावून आले. तिची मैना पेणजवळ जित्याला दिली, तिची पत्रं तेच वाचून दाखवत. हौसाला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. दोर सैल होतात, आणि गुरुजी होत नाहीत.

एक्याऐंशीची होळी आली. होळीला सावरीचं सरळसोट झाड उभं करायचं आणि ते पलीकडच्या वाडीपेक्षा हातभर तरी उंच हवं, यावर भुईवाडीची सगळी अब्रू. आदल्या वर्षी काथ्याचा दोर तुटून झाड आडवं झालं होतं आणि पलीकडून शिट्ट्या आल्या होत्या. त्या शिट्ट्या गाव वर्षभर गिळत होतं. तर या खेपेला कुणाला तरी सुचलं, वाऱ्याचे दोर! वारा काय, फाल्गुनात कुठला वारा?

पोरं विचारायला आली तर हौसाने पाना दाखवला. मग गुरुजी आले, छत्री काखेत धरून.

'हौसा, दोनच दोर हवेत. अलीकडचे.'

'चार हात हायत त्याचे, गुरुजी. दोन सोडले तं लुळा नाय व्हायचा?'

'आठ दिवसांचा तर प्रश्न. देवीचं काम आहे. झाड उभं राहिलं की पेटवायच्या आधी दोर उतरवायचे, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्यासमोर बसवायचे. माझा शब्द.'

शब्द म्हटल्यावर हौसा उठली. पेच कुणी बिघडवू नयेत म्हणून दोन्ही दोर तिने स्वतःच्या हाताने सोडून दिले. हे सोडणं पुढे तिला फार महाग गेलं.

होळीच्या आदल्या दिवशी जित्याहून निरोप आला, मैनाचं दुसरं बाळंतपण, सासरीच, दिवस भरले. हौसा एस.टी.त बसली ती सव्वा महिन्याने परतली. परतली तर दोर जागेवर, नवेकोरे काळे. डांबर फासलेलं. तिला गुरुजींचं कौतुक वाटलं. पण दिवस शनिवारचा होता, हात शिवशिवत होते. तिने पाना काढून ठोकलं.

भद.

दुसरा ठोकला. तोही भद. ती तडक शाळेत गेली.

'अगं, डांबर ओलं आहे,' गुरुजी पोरांची पाढ्यांची वही तपासत म्हणाले, 'आवाज दबणारच. आणि पेच इतक्यात फिरवू नकोस, रंग उडेल. पावसाळ्यापूर्वी बघू.'

तिने बघू दिलं. तिच्या आयुष्यात भद वाजलेला दोर न आवळता ती घरी गेली असं एकदाच झालं, आणि ते गुरुजींच्या सांगण्यावरून.

मेचा मधला आठवडा. दुपारचे साडेतीन. धाटावची पहिली शिफ्ट सुटलेली, पलीकडच्या काठावर दहाबारा पोरं डबे हलवत उतरली होती. पावसाचा टिपूस नाही, ढगही नावालाच. नुसता वारा आला. असा आला की खळ्यावरच्या पेंढ्याच्या उडव्या उठून चालायला लागल्या. हौसा अंगणात वाल निवडत होती. तिने सूप टाकलं आणि पाना घेऊन पळाली.

साकव नाचत होता. हलत नव्हता, नाचत होता. एका टोकाकडून लाट उठायची, फळ्यांवरून धावत जायची, मधोमध पिळा पडायचा आणि परत उलटी यायची. अलीकडचा एक काळा दोर तुटून गवतात पडला होता. दुसरा पेचापाशी उकलत होता, हौसा त्याला पाना लावते न लावते तोच तोही सुटला. आणि पुलाच्या मधोमध कोण, तर शिफ्टवरून सुटलेला गावातला हिरामण. घरी जायची घाई झालेला.

'परत फिर रे! नायतं आडवा हो! सरपटत ये!'

हिरामण सरपटत आला. शेवटच्या चार फळ्या उरल्या तेव्हा हौसाने कॉलरला धरून त्याला काठावर ओढलं. डोक्यावर हंडे घेऊन आलेल्या दोन बायका तिच्या मागे येऊन थांबल्या होत्या. पाना आडवा धरून ती ओरडली, 'पाय टाकलात तं तंगडी मोडीन!' पलीकडच्या पोरांनाही तिने तसाच पाना दाखवला. मग वरचा एक मोठा दोर खांबावरून निसटला, सगळा साकव कुशीवर वळला आणि माळेतले मणी गळावे तशा फळ्या कुंडलिकेत गळून गेल्या.

माणूस एकही गेला नाही. गेला असता तर कदाचित कुणाला तरी खरं बोलावं लागलं असतं.

वारा पडल्यावर तिने गवतातला दोर उचलला. डांबराची साल निघून आली. आतली तार राखाडी, ठिसूळ, कुरडईसारखी. वाकवली तर कट्‌कन मोडली. ती तशीच मालूच्या दारात गेली.

'मालू, हे काय हाय?'

मालूने तार हातात घेतली आणि लगेच खाली टाकली. मग पदरात तोंड घालून रडत सगळं ओकली. तिचा पोरगा पोपटच झाडावर दोर सोडायला चढला होता. अर्ध्यात होता तोवर पलीकडच्या वाडीची होळी पेटली. ज्वाळ दिसली तशी गावाने आरडाओरडा केला, उतर उतर, आपली मागं राहिली! पोपट उतरला. दोर वरच राहिले. आणि पहिला चूड कुणी लावला? गुरुजींनी. दुसऱ्या दिवशी राखेतून दोर काढले, डांबर फासलं, बसवले. 'हौसाला कुणी बोलायचं नाय' असं देवीपुढे ठरलं.

'तू पन नाय बोललीस?'

'माजा पोरगा हाय गो...'

हौसा गुरुजींकडे गेली. भांडायला नव्हे. तिला अजून वाटत होतं की गुरुजींना सांगायला वेळ मिळाला नसेल. गुरुजी तिला बघून उठून उभे राहिले, खुर्ची दिली. म्हणाले, चुकलंच आमचं. चौकशीला साहेब येणार आहेत, मीच तुझ्यातर्फे कागद लिहितो, सगळं स्पष्ट लिहितो. जळका तुकडा तेवढा ठेव माझ्याकडे, कागदाला पुरावा म्हणून टाचून देतो. लोखंडी दोर टाचणीने कसा टाचणार, हे तिने विचारायला हवं होतं. पण ती त्यांचं अक्षर बघत बसली होती.

कागद त्यांनी वाचूनही दाखवला. लपवलं काहीच नाही, हे गुरुजी पुढे छाती ठोकून सांगत. '...सदर दोन दोर अर्जदार बाईने होळीपूर्वी स्वहस्ते सोडले होते व तदनंतर अनवधानामुळे ते निकामी झाले...'

'अनवधान म्हंजे? जळाले ते ना?'

'तसंच समज,' गुरुजी म्हणाले आणि शाईची गादी पुढे केली.

तिने अंगठा उठवला.

चौकशी शाळेच्या पडवीत झाली. गाव झाडून हजर. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, 'बाई, कबुली दिलीत हे चांगलं केलंत.'

'कबुली?'

'दोर तुम्ही सोडलेत, आणि परत आवळताना तुमच्याकडून अनवधान झालं.'

'अनवधान म्हंजे काय वं साहेब?'

'म्हणजे तुमचं लक्ष नव्हतं.'

'माजं?' ती एवढंच म्हणाली. ज्या बाईचा सहा वर्षांत एक शनिवार चुकला नव्हता आणि चुकले तेही नातवाला न्हाऊ घालताना, तिला गावासमोर सांगितलं जात होतं की लक्ष नव्हतं. ती गुरुजींकडे बघत होती. गुरुजी छत्रीच्या काड्या मोजत होते.

'त्यांना होळीचं विचारा,' ती म्हणाली. 'जळका तुकडा दिलाय मी.'

साहेबांनी कागद उलटा केला. टाचणी होती, टाचणीला काही नव्हतं. त्यांनी पडवीभर नजर फिरवली. 'होळीत दोर वापरले होते का कुणी?'

अशी शांतता पडली की शाळेच्या घड्याळाला आपण चालतो याची लाज वाटावी. मालूने तोंडात पदर कोंबला. पोपट मागच्या मागे सटकला. हिरामणला अचानक ठसका लागला, आणि कॉलर धरून ज्याला काठावर ओढलं त्याचा घसा साहेब निघून जाईपर्यंत मोकळा झाला नाही. मग गुरुजी उभे राहिले. हौसाचा चेहरा एकदम उजळला. तिला वाटलं, आता सांगतील.

'साहेब,' गुरुजी म्हणाले, 'बाई गरीब आहे, विधवा आहे. गावाची विनंती आहे की तिच्यावर कडक कारवाई करू नये.'

साहेबांना गावाचा मोठेपणा फार आवडला. कारवाई कडक झाली नाही. तिचं काम गेलं आणि कारकुनाने पाना सरकारी म्हणून मागून घेतला, एवढंच. तिने तो पदराने पुसून दिला.

संध्याकाळी गुरुजी तिच्या दाराशी येऊन हलक्या आवाजात समजावून गेले. खरं सांगितलं असतं तर पोरांवर खटला, कंपनीतल्या नोकऱ्यांवर पाणी, देवीच्या होळीला डाग. तुझं एकटीचं काय गेलं, एक काम. हौसाने त्यांना पाणी दिलं नाही. भुईवाडीत दारात आलेल्याला पाणी न देणं ही मोठी गोष्ट. गुरुजींनी ती कुणाला सांगितली नाही.

आता, गरीब बाईचं लक्ष नव्हतं, ही गोष्ट गावालाच जरा मिळमिळीत वाटायला लागली. नुसतं लक्ष नसण्याने एवढा साकव पडतो? आणि ज्याला त्याला आतून टोचत होतं, ते वेगळंच. मग कुणीतरी होडीची आठवण काढली. होडी म्हटल्यावर सगळ्यांना हलकं वाटलं. बाईने मुद्दाम केलं म्हटलं की आपण गप्प बसलो त्याचं पाप निम्म्याने उतरतं. तिथून ती बातमी निघाली ती पेणपर्यंत. जित्याला मैनाच्या सासूने ऐकली आणि लांबणीवर पडलेल्या बारशाला आलेल्या विहिणीला 'तुम्ही करवतीने कापला का वो?' असं साखर वाटता वाटता विचारलं. हौसा त्याच एस.टी.ने परत आली.

पाऊस लागला तशी गावाची जिरली. रोह्याला जायचं तर खालच्या पुलावरून तीन मैलांचा वळसा. शिफ्टवाले चिखलात घसरत, उशिरापायी अर्धा पगार घालवत जाऊ लागले. मग एक दिवस चारपाच जाणती माणसं हौसाच्या अंगणात आली. सगळ्यांत मागे हिरामण.

'हौसे, झालं गेलं... होडी काढतेस का? बुजवू ते भोक. गाव लाकूड देईल.'

होडी पाण्यात घातली असती तर पेणच्या चहावाल्यांचं सगळं खरं ठरलं असतं. तिने परसात जाऊन कुऱ्हाड आणली, कोंबड्या हाकलल्या आणि त्या मंडळींच्या डोळ्यांदेखत नवऱ्याच्या होडीच्या ढलप्या काढायला लागली. तासाभरात सरपण झालं. एका बाजूला रचून तिने हात झटकले.

तुम्हाला वाटेल की आता तरी लोकांची तोंडं बंद झाली असतील. कुठलं! आठवड्याभरात रोह्यात बोललं जात होतं की बाईने पुरावा नष्ट केला.

तिने पुढली पाच वर्षं तीन मैलांचा वळसा घातला. वालाच्या शेंगा, भाजी, डोक्यावर टोपली. वाटेत कुणी 'चल गो सोबतीने' म्हटलं तर ती चप्पल दुरुस्त करायला खाली बसायची आणि ते पुढे गेल्यावर उठायची. मालूने दोन घरांमधल्या कुडातली वाट तीनदा मोकळी केली, तिने तीनदा काटे लावले. गावात कुणाला ती टाकून बोलली नाही. ती बोललीच नाही.

शहाऐंशी साली सिमेंटचा पूल झाला. जाड, ठेंगणा, जागचा न हलणारा. गुरुजी तोवर निवृत्त झालेले, डोळ्यांत मोतीबिंदू, अक्षर वाकडं व्हायला लागलेलं. उद्घाटनाच्या आदल्या सकाळी ते काठी टेकत हौसाच्या अंगणात आले. ती वाल निवडत होती. बसा म्हणाली नाही, ते आपणच ओट्याच्या कडेला टेकले.

'हौसा, उद्या पुलावरून पहिली तू चालावीस असं सगळ्यांच्या मनात आहे. नारळ तुझ्या हातून फोडायचा.'

ती निवडत राहिली.

'मी चुकलो. तो तुकडा मी नदीत टाकला. तुला आज सांगतो.'

'मला ठाव हाय ते. उद्या पुलावर सांगाल? सगळ्यांसमोर?'

गुरुजींनी काठीच्या मुठीवरून हात फिरवला. 'आता कशाला ते उकरायचं? सगळे विसरलेत. तूही मनातून काढ. एवढी वर्षं धरून ठेवलंस. माझ्यावर तुझा एवढा राग?'

हौसाने सुपातला एक किडका दाणा उचलून बाहेर टाकला आणि म्हणाली, 'राग कसला, गुरुजी? साकवावर माजा कदी भरवसा नव्हता, म्हणून दर शनवारी आवळीत व्हते. तुमच्यावर व्हता, म्हणून तुमाला कदी पाना लावला नाय.'